साडेसात फुटांच्या कड्या

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका दुपारी भाचीचा फोन आला आणि कसलीही प्रस्तावना न करता तिने विचारले, "मावशी, झोपाळ्यावर बसल्यावर आत्याआजीचे पाय जमिनीला टेकायचे का?" मी भाजी निवडत होते. प्रश्न इतका साधा होता की उत्तर द्यायला मी तोंड उघडले आणि ते उघडेच राहिले. जिच्या हाताखाली मी वयाची पहिली बावीस वर्षे काढली, जिच्यावर मी कथा लिहिली आणि ती छापून आल्यावर 'तुमची आत्या अगदी डोळ्यांसमोर उभी राहिली' अशी पत्रे मला आली, तिचे पाय झोपाळ्यावरून जमिनीला टेकत होते की अधांतरी राहत होते, हे मला सांगता येईना.

कथेविषयी थोडे सांगणे भाग आहे. बारा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात ती आली होती. दीड हजार शब्दांची, म्हणजे अंकाची जेमतेम चार पाने. बडोद्यातल्या दांडिया बाजारातले आमचे जुने माडीचे घर विकायचे ठरले, त्या संध्याकाळची ती गोष्ट. पुढच्या खोलीत वडील, काका आणि दलाल बोलत बसले आहेत. मधल्या खोलीत आत्या झोपाळ्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली आहे. लग्नानंतर दीड वर्षातच ती माहेरी परत आली आणि पुढची चाळीस वर्षे याच घरात राहिली. भिंतीपलीकडचा शब्द न् शब्द तिला ऐकू येतो आहे, पण तिला कोणी काही विचारत नाही. शेवटी ती उठून स्वयंपाकघरात जाते. कथेचे शेवटचे वाक्य असे होते: 'आत्या उठून गेली आणि रिकामा झोपाळा बराच वेळ एकटाच हलत राहिला.' या वाक्याचा मला फार अभिमान होता. हे आधीच कबूल करून ठेवते, कारण त्या वाक्याचे पुढे काय झाले तेच मला सांगायचे आहे.

भाची इथल्याच सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत चित्रकला शिकली. त्या कथेवर एक छोटी ॲनिमेशन फिल्म करायची आहे, असे ती म्हणाली तेव्हा मी फारसा विचार न करता होकार दिला. माझ्या मनात ॲनिमेशन म्हणजे कार्टून, आणि आत्याचे कार्टून कसे करणार, हा एवढाच काय तो प्रश्न. तिने वाद घातला नाही. माझ्यासमोर फोन धरून तिने मला दहा मिनिटांची एक फिल्म दाखवली. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाची 'द स्ट्रीट' ही ती फिल्म १९७६ साली कॅरोलिन लीफ यांनी केली, आणि ती मॉर्डेकाय रिचलर या माँट्रियलच्या लेखकाच्या कथेवर आधारलेली आहे. घरात आजी अंथरुणाला खिळली आहे, डॉक्टरांनी आता फार दिवसांची सोबत नाही असे सांगितले आहे आणि लहान नातू तिची खोली आपल्याला कधी मिळते याची वाट पाहतो आहे. आजी मात्र जायचे नाव घेत नाही. मी माहेरी आणि सासरी मिळून तीन म्हाताऱ्या माणसांची शेवटची आजारपणे काढली आहेत. खोली कोणाला मिळणार हा प्रश्न प्रत्येक वेळी घरातल्या कोणाच्या ना कोणाच्या मनात होताच. फक्त तो मोठ्याने विचारायला वय आठ-दहाच्या आत असावे लागते.

त्या फिल्ममध्ये एक दृश्य संपून दुसरे सुरू होत नाही, ते दुसऱ्यात विरघळते. माणसाचा चेहरा पसरत पसरत खोली होतो, खोली आक्रसून पुन्हा कोणाची तरी पाठ होते. हे कसे साधते असे मी विचारल्यावर भाचीने जे सांगितले त्याने मी खालीच बसले. काचेवर ओल्या रंगाने चित्र काढायचे, काचेखालून उजेड सोडायचा, वर टांगलेल्या कॅमेऱ्याने एक छायाचित्र घ्यायचे. मग त्याच चित्रातला थोडासा रंग बोटाने किंवा कापसाने पुसून, थोडा नव्याने लावून ते किंचित बदलायचे आणि पुन्हा छायाचित्र घ्यायचे. रंग वाळू नये म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात. म्हणजे पुढचे चित्र काढायचे तर मागचे पुसावेच लागते. फिल्म पुरी होते तेव्हा हाताशी चित्र एकही उरत नाही, उरतात ती फक्त छायाचित्रे. आमच्या घरातल्या सगळ्या जुन्या वस्तू पिशव्यांत बांधून माळ्यावर ठेवणाऱ्या माझ्यासारख्या बाईला ही पद्धत ऐकूनच कसेसे झाले.

हिशेब तिने मला कागदावर मांडून दाखवला. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींपुरते ठेवले तरी चालते, म्हणजे सेकंदाला बारा चित्रे लागतात. तिची फिल्म तीन मिनिटे चाळीस सेकंदांची होणार होती. दोनशे वीस गुणिले बारा, म्हणजे २,६४० चित्रे. दिवसाला चाळीस झाली तरी सहासष्ट दिवस. जी कथा मी दोन रविवारी लिहून काढली होती!

काच आणायला मी तिच्याबरोबर गेले होते. आठ मिलिमीटर जाडीची, कडा घासलेली, दोन फूट बाय दीड फूट. काचवाल्या भाईंनी माप लिहून घेता घेता विचारले, "टीपॉय माटे?" भाचीने मान डोलावली, खरे कारण सांगत बसायला दुकानात गर्दी फार होती. बहिणीच्या घरातल्या मागच्या खोलीत मग तो संसार मांडला गेला. खिडकीला काळा कागद, कारण ढग आला-गेला की उजेड बदलतो आणि पडद्यावर चित्र फडफडते. पंखा बंद, कारण धूळ उडून ओल्या रंगाला चिकटते. बाहेर बडोद्याचा मे महिना, बेचाळीस अंशांचा. त्या खोलीत भाची डोक्याला ओला पंचा बांधून काचेवर ओणवी झालेली असायची आणि दर दोन-तीन मिनिटांनी एकदा कॅमेऱ्याचा आवाज यायचा. बहीण दाराबाहेर पन्ह्याचा पेला ठेवून जायची, कारण दार उघडलेले चालत नसे.

हे वेड गावाला अगदीच नवे नाही, असे मी बहिणीला समजावले. दादासाहेब फाळके १८९० मध्ये शिकायला आले ते बडोद्याच्याच कलाभवनात. छायाचित्रण आणि छपाई या दोन्ही गोष्टी त्यांनी इथे हाताळल्या. पुढे पहिला चित्रपट करण्यापूर्वी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक चौकट टिपत चित्रित केली होती, आणि १९१५ साली आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. सयाजीरावांच्या काळातली ती कलाभवनाची इमारत, जिथे आज विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे, दांडिया बाजारापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आत्या मला तिच्यासमोरून हात धरून किती वेळा घेऊन गेली असेल. "फाळक्यांच्या घरचेही असेच वैतागले असतील," एवढेच बहीण म्हणाली आणि विजेचे बिल माझ्यापुढे ठेवले.

पण मला सांगायचे आहे ते भाचीच्या प्रश्नांविषयी. पायांचा प्रश्न हा पहिला होता, शेवटचा नव्हे. आत्या नऊवारी नेसायची की पाचवारी? शेंगांचे ताट मांडीवर असायचे की शेजारी पाटावर? टरफले कुठे टाकायची? सोललेले दाणे त्याच ताटात एका बाजूला की वेगळ्या वाडग्यात? दलाल बोलायला लागला तेव्हा ती सोलायची थांबली का? थांबली नसेल तर हात सावकाश झाले की भराभर चालायला लागले? मी कथेत लिहिले होते, 'आत्या शेंगा सोलत ऐकत होती.' मराठीत हे वाक्य निर्दोष आहे. त्यात शेंगा आहेत, आत्या आहे, ऐकणे आहे. वाचणारा आपल्या घरची आत्या आणि आपल्या घरचे ताट त्यात आपोआप बसवतो आणि लेखकाला श्रेय देऊन मोकळा होतो. चित्र काढणाऱ्याला ती सोय नाही. नट घेऊन, खऱ्या खोलीत कॅमेरा लावून चित्रपट केला तर निदान भिंतीवरचे कॅलेंडर, खुंटीवरची छत्री अशा चार गोष्टी न ठरवताही चौकटीत येतात. काचेवर मात्र जे हाताने काढले नाही ते तिथे नसतेच. त्यामुळे लेखकाने जिथे जिथे शब्दांवर वेळ मारून नेली आहे तिथे तिथे चित्रकाराचा हात अडतो. भाचीचा हात माझ्या कथेत एकवीस ठिकाणी अडला. तिने वहीत ते नोंदवून ठेवले होते.

पायांचे उत्तर शेवटी दादाकडून मिळाले. तो म्हणाला, "एक पाय मुडपून पाटावर, आणि दुसऱ्याचा नुसता अंगठा खाली. अंगठ्याने रेटायची ती. फरशीवर तेवढीच जागा गुळगुळीत झाली होती, आठवत नाही का तुला? आपण गोट्या खेळताना तिथून गोटी घसरायची." त्याने सांगितल्याबरोबर मला ती फरशी आठवली, तिचा काळपट शहाबादी रंग आठवला आणि ती जागा पायाला गार लागायची हेही आठवले. हे सगळे माझ्याजवळ होते आणि मी ते कथेत घातले नव्हते. का घातले नव्हते याचे प्रामाणिक उत्तर असे की लिहिताना मला आत्या दिसतच नव्हती. मला तिचे दुःख दिसत होते. दुःख लिहायला सोपे असते, त्याला पाय नसतात.

मग झोपाळा. भाचीने विचारले, कड्या किती लांब होत्या? मी म्हटले, असतील सहा-सात फूट. "असतील नको," ती म्हणाली. घर विकले तेव्हा पितळी कड्या दादाने ठेवून घेतल्या होत्या. तुळईच्या आकड्यांपासून पाटापर्यंतच्या चारही कड्या पोत्यात गुंडाळून त्याच्या माळ्यावर होत्या. जूनमधल्या एका रविवारी आम्ही तिघांनी त्या खाली काढल्या, चिंच लावून घासल्या आणि बैठकीच्या खोलीत आडव्या पसरून टेपने मोजल्या. साडेसात फूट भरल्या. भाचीने फोनवर काहीतरी आकडेमोड केली आणि म्हणाली, "म्हणजे एक झोका तीन सेकंदांचा." झोके फार मोठे नसतील तर झोपाळ्याच्या एका फेरीला लागणारा वेळ फक्त कड्यांच्या लांबीवर ठरतो, वर बसलेले माणूस जड आहे की हलके याने त्यात फरक पडत नाही. शाळेत लंबकाचा हा नियम मीही पाठ केला होता. पण आमच्या मधल्या खोलीत तो चाळीस वर्षे डोळ्यांसमोर हलत होता, हे कधी डोक्यात आले नव्हते.

तीन सेकंदांची फेरी म्हणजे छत्तीस चित्रे. त्यातही मौज अशी की ती सारख्या अंतरावर काढून चालत नाही. झोका मधोमध असतो तेव्हा वेगात असतो, म्हणून तिथे एका चित्रातला पाट आणि पुढच्या चित्रातला पाट यांच्यात बोटभर जागा सुटते; दोन्ही टोकांना तो थबकून मागे वळतो, म्हणून तिथे चित्रे एकमेकांना चिकटून, केसाएवढ्या फरकाने काढायची. हे अंतर चुकले तर झोपाळा झोपाळा राहत नाही, रेल्वेच्या फाटकासारखा यंत्रावर हलल्यागत दिसतो. एकदा छत्तीस छायाचित्रे जमली की तीच पुन्हा पुन्हा दाखवून कितीही झोके दाखवता येतात, हे मला कळल्यावर मी व्यवहारी सल्ला दिला: एवढे कष्ट कशाला, तोच झोका फिरवत राहा. भाची म्हणाली, "मावशी, आत दलाल किंमत सांगतोय. ती सांगायच्या आधीचा झोका आणि नंतरचा झोका एकच कसा असेल?" मी गप्प बसले. तिने फिल्ममध्ये सतरा झोके काढले आणि सतराही वेगळे.

संवादांवरून मात्र आमचे वाजले. कथेत वडील, काका आणि दलाल यांची बोलणी आहेत आणि बडोद्याच्या मराठीचा तो नमुना आहे असे मला वाटत आले आहे. दलाल गुजरातीत सुरुवात करून मराठीत शिरतो, काका मराठीत सुरुवात करून हिशेबाच्या जागी गुजरातीत उतरतात. भाचीने ते सगळे काढून टाकले. भिंतीपलीकडून नुसती पुरुषी आवाजांची गुणगुण, बशीत कप ठेवल्याचा आवाज, रस्त्यावरून गेलेली एक स्कूटर आणि इकडे कड्यांची करकर, एवढेच तिने ठेवले. मी तिला फ्रेडरिक बॅक यांच्या १९८७ सालच्या 'द मॅन हू प्लांटेड ट्रीज'चा दाखला दिला, जो तिनेच मला मध्यंतरी दाखवला होता. झाँ जिओनो यांच्या कथेवरची अर्ध्या तासाची ही फिल्म; तिच्यात निवेदक जवळजवळ अख्खी कथा वाचून दाखवतो आणि रंगीत पेन्सिलींची चित्रे शेजारून चालत राहतात. एक धनगर उजाड माळावर एकट्याने बलूताची, म्हणजे ओक वृक्षाची, फळे पेरत जातो. तीन वर्षांत एक लाख पेरली, वीस हजार उगवली, त्यांतली निम्मी जातील असे तो धरून चालतो आणि उरलेल्या दहा हजारांवर समाधान मानतो. कथेत हा हिशेब दोन-तीन वाक्यांत उरकतो. फिल्ममध्ये तो धनगर दिव्याजवळ बसून एकेक फळ निरखून चांगली आणि किडकी वेगळी करतो, आणि ती निवड पाहताना लाखाचा आकडा आपल्याला बोटांत जाणवतो. मग शब्दही राहिले आणि चित्रेही राहिली, तर बिघडले कुठे, असा माझा मुद्दा होता.

भाचीचे म्हणणे असे की तिथे कथा सांगणारा माणूस धनगराकडे बाहेरून बघतो आहे, म्हणून त्याचा आवाज हवाच. इथे आपण आत्याच्या बाजूने बसलो आहोत आणि ती शब्द ऐकतच नाही, ती आवाज ऐकते. कोण मोठ्याने बोलतोय, कोण गप्प झालाय, कप खाली ठेवला म्हणजे ठरले. मला हे तेव्हा पटले नाही. आजही पूर्ण पटले आहे असे नाही. काकांचे एक वाक्य तरी राहायला हवे होते असे मला वाटते. पण चाळीस वर्षे पुढच्या खोलीतल्या पुरुषांचे बोलणे मधल्या खोलीतून ऐकलेली बाई कपाच्या आवाजावरून निर्णय ओळखते, हे निरीक्षण माझ्या कथेत नव्हते, आणि ते भाचीने शोधले, जिने ते घर पाहिलेलेही नाही.

जुलैच्या शेवटी ती शेवटच्या वाक्याशी आली आणि पुन्हा अडली. या वेळी तिने फोन केला नाही, ती घरी आली. तिने समोरच्या बंगल्यातल्या काकूंच्या हिंचक्यावर बसून पाहिले होते. म्हणाली, "मावशी, चालत्या झोपाळ्यावरून माणूस उठलं की पाट आधी मागे जातो आणि मग पुढे येऊन पोटरीवर बसतो. मला चांगला लागला. आत्याआजीला चाळीस वर्षांत ते माहीत नव्हतं का?" मी म्हटले, अगं, कथेत तेवढे चालते. ती म्हणाली, "हो, पण मला ती उठताना काढायची आहे. ती उठली कशी?"

आणि मग मला आठवले. आम्ही मुले झोपाळ्यावरून उड्या मारून अंगणात पळायचो आणि मागून आत्याचा आवाज यायचा: "रिकामा झोपाळा हलता ठेवू नये!" रिकामा पाळणा हलवू नये असे सगळ्याच घरांत म्हणतात, आत्याच्या लेखी तो नियम झोपाळ्यालाही तितकाच लागू होता. हातातले काम टाकून ती यायची, पाटाला हात लावून झोपाळा निश्चल करायची आणि मगच परत जायची. पाहुणे उठून गेले तरी, शेजारच्या मुलीने झोका घेतला तरी, रात्री वाऱ्याने हलला तरी. यावरून मी निदान शंभर वेळा बोलणी खाल्ली असतील. त्या बाईला मी माझ्या कथेत झोपाळा हलता ठेवून उठवली होती आणि तो 'बराच वेळ एकटाच' हलवला होता.

ते वाक्य मला कुठून सुचले असेल याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. आत्याकडून तर नक्कीच नाही. रिकामी हलणारी खुर्ची, रिकामा हलणारा झोपाळा, वाऱ्यावर उघडमीट करणारे दार, हे सगळे आपण इतके वाचलेले आणि पाहिलेले असते की कथा संपवायची वेळ आली की ते हाताशी येऊन उभे राहते. मी ते उचलले आणि वाचणाऱ्यांनीही ते ओळखीचे म्हणून आनंदाने घेतले. मला आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत त्याच वाक्याचे कौतुक होते. म्हणजे बारा वर्षे आम्ही सगळ्यांनी मिळून आत्याला एक अशी गोष्ट करायला लावली होती, जी तिने जन्मात केली नसती.

भाचीने शेवट बदलला. आत्या अंगठा टेकवून झोका मंद करते, उजव्या हातात दाण्यांचे ताट उचलते, उठते, आणि डावा हात मागे नेऊन, मागे न बघता, पुढे येणारा पाट तळहातावर झेलते आणि तो थांबेपर्यंत धरून ठेवते. पडद्यावर हे सगळे मिळून अकरा सेकंद. काचेवर त्याला नऊ दिवस लागले, कारण त्यातला हात तिच्या मनासारखा होईना. बोटांनी पाट पकडला की ते अडवल्यासारखे दिसे, तळवा पूर्ण टेकवला की कुरवाळल्यासारखे, आणि तिला दोन्ही नको होते. तिला रोजचे काम हवे होते. रशियातल्या युरी नॉर्स्टाइन यांच्याविषयी तिनेच आम्हाला सांगितले होते. धुक्यात वाट चुकलेल्या हेजहॉगवर, म्हणजे काटेरी अंगाच्या एका छोट्या प्राण्यावर, त्यांनी १९७५ साली दहा मिनिटांची फिल्म केली आणि तिच्यातले धुके अगदी पातळ कागद चित्रावर धरून, तो एकेक चौकटीला थोडा थोडा वर उचलत साधले. त्यानंतर १९८१ मध्ये गोगोलच्या 'ओव्हरकोट' या कथेवरची फिल्म त्यांनी हाती घेतली, ती चाळीस वर्षे उलटून गेली तरी अपुरीच आहे. आठव्या दिवशी बहीण दाराबाहेरून ओरडली, "तुझा ओव्हरकोट होऊ देऊ नकोस गं बाई, पाहुणे यायचे आहेत त्या खोलीत!"

पावसाळा सुरू झाल्यामुळे एक नवीनच विघ्न आले. काचेखालच्या दिव्यावर रात्री किडे जमत. एका सकाळी भाचीने रात्रीचे काम संगणकावर चालवून पाहिले तर ताटातल्या दाण्यांमध्ये एक हिरवट चिलट अडकलेले दिसले. तिने ते न बघताच छायाचित्र घेतले होते आणि पुढच्या चित्राला पुसताना दाण्याबरोबर तेही पुसले गेले होते. ते चित्र पुन्हा काढायचे म्हणजे त्यानंतरची तेवीस चित्रे पुन्हा काढायची, कारण मागे जायला काचेवर काही उरलेलेच नसते. तिने ते तसेच ठेवले. सेकंदाचा बारावा हिस्सा ते दिसते. तुरीच्या शेंगा निवडलेल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटणार नाही. आत्याच्या ताटात अळी-किडा निघाला की ती तो दोन बोटांत धरून खिडकीबाहेर टाकायची.

फिल्म आम्ही नवरात्रात पाहिली, बहिणीच्या घरी टीव्हीला जोडून, घरचेच सात जण. बाहेर गरब्याच्या ध्वनिक्षेपकाची चाचणी चालू होती, त्यामुळे कड्यांची करकर ऐकायला खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. आत्याचा चेहरा एकदाही पूर्ण दिसत नाही. मान, कान, अंगठा, दाणे आणि सतरा झोके. ज्या भाच्यांनी आणि जावयांनी आत्याला पाहिले नव्हते त्यांना ती आवडली आणि 'पण शेवटी काय झाले, घर विकले का' असे एकाने विचारले. दादा काही बोलला नाही. थोड्या वेळाने तो पाणी प्यायला उठला, तेव्हा त्याची खुर्ची मागे सरकून भिंतीला लागणार होती. त्याने न बघता हात मागे नेऊन ती धरली. तेवढे माझ्याशिवाय कोणी पाहिले असेल असे वाटत नाही.

काच शेवटी टीपॉयवरच बसली. बहिणीने एक जुना टीपॉय बाहेर काढला आणि काच त्यावर ठेवली. माप थोडे मोठे आहे, पण चालते. फिल्मच्या शेवटी हात आणि पाट दोन्ही विरून नुसता उजेड उरतो, त्यामुळे काचेवर शेवटचे चित्रसुद्धा राहिले नव्हते. एका कडेला ग्लिसरीनचा चिकट ओघळ तेवढा होता, तो दोन दिवसांनी साबणाच्या पाण्याने निघाला.

घरी आल्यावर मी तो दिवाळी अंक काढला. कथेचे शेवटचे वाक्य पेनाने खोडले आणि समासात लिहिले, 'आत्या उठली आणि हात मागे नेऊन तिने झोपाळा थांबवला.' वाचून पाहिले. मग 'हात'च्या आधी काकपद देऊन वर 'डावा' असे घातले.